गॅदरिंगला नाटक बसवायचंय: पोरं अडतीस, पात्रं सहा

काजूबी

नमस्कार मंडळी. मी कुडाळ तालुक्यातल्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवते. गॅदरिंगचं नाटक आमच्याकडे मराठीचे सर बसवायचे. ते यंदा निवृत्त झाले आणि मुख्याध्यापकांनी नाटक माझ्या गळ्यात घातलं. का, तर कॉलेजात असताना मी एका एकांकिकेत काम केलं होतं. त्यात मला चार वाक्यं होती हे त्यांना ठाऊक नाही, आणि मीही सांगितलेलं नाही.

दहावीला पूर्वपरीक्षेमुळे हात लावायचा नाही, म्हणजे उरली आठवी-नववी. फळ्यावर सूचना लिहिली तर अडतीस नावं आली. सरांच्या कपाटात जी एकांकिका मिळाली तिच्यात पात्रं सहा. शहरातला फ्लॅट, एकटे पडलेले आजोबा, मोबाईलमध्ये डोकं घातलेला नातू, वेळ नसलेले आईबाबा. वाचन घेतलं. 'आई, तू मला कधी समजूनच घेत नाहीस' हे वाक्य नववीतल्या एका पोराने म्हटलं आणि सगळा वर्ग खदखदून हसला. तोही हसला. त्याची आई पहाटे उठून गुरांचं करते, मग काजूच्या कारखान्यात जाते. त्याला ते वाक्य तोंडात धरवेना.

हॉल नाही. मैदानात मंडप, समोर सगळा गाव. गेल्या वर्षी माईक नुसत्या शिट्ट्या मारत होता आणि मागच्यांना ओ की ठो ऐकू आलं नाही. वेळ पंचवीस मिनिटं. पैसे सहा हजार, त्यातच कपडे आणि रंगरंगोटी. तालमीला शाळा सुटल्यावर पाऊण तास मिळतो, त्यानंतरची एसटी चुकली की वरच्या वाडीतल्या पोरींना चालत जावं लागतं. त्यात जत्रा सुरू झाल्यात. रात्रभर दशावतार बघून आलेली पोरं तालमीत भिंतीला टेकून झोपतात.

नाटक कुठलं घेऊ? अडतीस जणांचं काय करू? आणि मागच्या रांगेला ऐकू जायला काय करतात? कुणी शाळेत प्रत्यक्ष नाटकं बसवली असतील तर सविस्तर लिहा, प्लीज.

टवाळ_टाळकरी

सहा पात्रं, बत्तीस झाडं. सुटला प्रश्न. मी स्वतः आठवीपर्यंत झाड होतो, नववीत बढती मिळून डोंगर झालो.

पेन्शनीतले_मास्तर

बाई, ती एकांकिका आहे तशी कपाटात परत ठेवा. ती वाईट असेल असं माझं म्हणणं नाही. पण पोरं हसली म्हणजे परीक्षकांनी निकाल दिला.

मी देवगडकडच्या एका हायस्कुलात मराठी शिकवायचो. गॅदरिंगचं नाटक कायम माझ्याकडे, कारण दुसरं कोणी घ्यायला तयार नसे. तुमच्या पोरांना नाटक येत नाही, हे आधी मनातून काढा. जे पोर जत्रेत गोणपाटावर बसून पहाटेपर्यंत दशावतार बघतं, त्याने दहावीपर्यंत शहरातल्या पोराच्या कितीतरी पट नाटक पाहिलेलं असतं. भिंतीला टेकून झोपलाय ना, त्याला हलवून विचारा, काल राक्षस कसा आला? उठेल आणि करून दाखवेल. अगदी पायाच्या तालासकट.

दशावतारात लिहून काढलेले संवाद नसतात, हे तुम्हाला ठाऊक असेलच. आख्यान कुठलं आणि कोण कुठलं पात्र, एवढं ठरतं. मग मंडळी आपापला रंग स्वतः लावतात आणि बोलणं उभ्या उभ्या रचतात. मागे पेटी, पखवाज, झांज. रंगमंचावर सामान काय, तर एक बाकडं. राजा बसला की सिंहासन, दमयंती टेकली की रानातली शिळा. तुमच्या सहा हजारांत बसणारं याहून चांगलं नेपथ्य मला माहीत नाही.

आता अडतीसांचं बघू. आमच्याकडे एका वर्षी माकडांनी उच्छाद मांडला होता. शहाळी, केळी, घराची कौलं, काही सोडत नव्हती. पोरं दिवसभर त्याच गप्पा मारायची, म्हणून तोच विषय घेतला. गावाने माकडांवर खटला भरलाय. निम्मी पोरं गावकरी, निम्मी माकडं. मध्ये बाकड्यावर न्यायाधीश. आणि खटला चालतो कसा, तर देवापुढे घालतात तसं गाऱ्हाणं घालून. एकाने म्हणायचं, 'बा म्हाराजा, ह्या माकडांनी आमचे नारळ खाल्ल्यानी...' आणि बाकीच्या पंधरा-वीस जणांनी एका दमात, 'व्हय म्हाराजा!' अडतीस काय, साठ पोरं असती तरी खपली असती. ज्याला एक वाक्यही पाठ होत नाही, त्याला 'व्हय म्हाराजा' तर येतंच. जन्मापासून ऐकतोय.

प्रयोगात पहिल्या गाऱ्हाण्याला पोरांच्या आधी मंडपातल्या म्हाताऱ्यांनीच जबाब दिला. सवयच ती. तिथून गाव नाटकात बसला तो उठलाच नाही. मग माकडांची वकील उभी राहिली. ही आठवीतली किडकिडीत मुलगी. तिने गाऱ्हाणं घातलं, 'बा म्हाराजा, आमचा रान तोडून हेंनी कलमा लावल्यानी...' रंगमंचावरचे सगळे गावकरी गप्प. आणि प्रेक्षकांच्या पाठीमागून, अंधारातून माकडं ओरडली, 'व्हय म्हाराजा!' लोकांनी माना वळवल्या. माकडं आम्ही मुद्दाम मंडपाच्या मागे बसवून ठेवली होती.

एक पथ्य मात्र पाळा. गाऱ्हाणं ग्रामदेवतेच्या नावाने घालू नका. गावात मानपानाचे विषय असतात, त्यात शाळेला ओढायचं कारण नाही. आमच्या नाटकातला 'म्हाराजा' म्हणजे न्यायाधीश, बस्स. तरी मी आधी गावातल्या दोन जाणत्या मंडळींना विचारून घेतलं होतं. विचारलं की तीच मंडळी पुढे पखवाजवाला मिळवून देतात.

लिहायचं कसं? आधी कागद घेऊच नका. बाकडं मांडा, दोन पोरं उभी करा. 'तुझी केळ मोडली आणि तू वनखात्याच्या माणसाकडे तक्रार घेऊन गेलास. बोला.' पहिल्यांदा लाजतील, मग भांडतील, मग जे बोलतील ते तुम्हाआम्हाला टेबलावर बसून सुचणार नाही. एक चांगल्या अक्षराची मुलगी कोपऱ्यात बसवून सगळं टिपायला लावा. चांगलं वाक्य पोर एकदाच बोलतं, पुन्हा विचारलं की गेलं. मोबाईलवर रेकॉर्ड करता येतं, पण ते नंतर ऐकत कोण बसणार? आठवडाभर असं झालं की तुम्ही रात्री बसून छाटायचं. वही पक्की झाली की त्यात बदल बंद. हे मात्र कडक. नाहीतर पोरं प्रयोगात मनचं घालतात, आणि दशावतारी कलाकाराला जे पचतं ते नववीतल्या पोराला पचत नाही.

आमच्या त्या नाटकात एक पोरगा होता, कविता म्हणायला उभा केला की घामाने भिजायचा. त्याचा बाप माडावर चढणारा. तालमीत मी सगळ्या माकडांना विचारलं, माकड नारळ कसा काढतं? बाकीच्यांनी उड्या मारून दाखवल्या. हा उठला, दोन्ही हातांत न दिसणारा नारळ धरला आणि देठाभोवती पिरगाळत राहिला, सावकाश. मध्येच थांबून खाली बघायचा, कोणी येतंय का. परत पिरगाळायचा. वर्ग चिडीचूप. त्याला एक वाक्य दिलं नाही. नाटकाची सुरुवातच ती केली.

आवाजाबद्दल. माईकचं इथे कोणीतरी जाणकार सांगेल. पण मूळ दुखणं माईकचं नसतं. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं आणि पोरं नेमका शेवट गिळतात. 'मी तुझ्याबरोबर येणार नाही' यातलं 'नाही' पोटात गेलं की प्रेक्षक समजतो हा निघाला. म्हणून मी मैदानाच्या टोकाला, फणसाखाली उभा राहायचो आणि पोरांना व्हरांड्यातून वाक्य म्हणायला लावायचो. मला शेवटचा शब्द ऐकू आला तरच हात वर करायचा. ओरडायला कधी सांगितलं नाही. ओरडून घसा बसतो, आणि डिसेंबरातलं दव उरलंसुरलं काम करतं.

मुलींना राजा, वकील, न्यायाधीश करा. दशावतारात बाप्या माणूस लुगडं नेसून उभा राहतो तेव्हा गाव माना डोलावतो, मग मुलीने फेटा बांधला तर बोलायला तोंड राहत नाही. तरी कोणाची आई कुरकुरलीच, तर तिला तालमीला बोलवा आणि शिलाई तिच्याकडे सोपवा.

विंगेत प्रॉम्प्टर ठेवू नका. माईक त्याचाच आवाज आधी उचलतो. गावकऱ्यांच्या घोळक्यात एक हुशार मुलगी अशी ठेवा जिला सगळं नाटक पाठ आहे. कोणी अडकला की ती गावकरीण म्हणूनच पुढचं विचारते, 'मगे तू काय सांगतलंस तेका?' गाडी रुळावर.

आणि मुख्याध्यापकांशी आजच बोलून घ्या. पाहुणे, अहवालवाचन, बक्षिसं, मग नाच आणि शेवटी नाटक असा क्रम असेल तर तुमचं नाटक साडेदहाला लागेल. तोवर लहान पोरं झोपलेली, पाहुणे गेलेले. रात्री दहानंतर उघड्यावर लाऊडस्पीकर लावायला कायद्याने बंदी आहे, हे कारण पुढे करा. नाटक दुसऱ्या नंबरवर मागून घ्या.

भोंगेवाला

मास्तरांनी माईकचं नाव घेतलं म्हणून आलो. सावंतवाडीकडे साऊंड-लाईटची कामं करतो, शाळांची गॅदरिंगं दर डिसेंबरला असतात.

शिट्टी का वाजते? स्पीकरचा आवाज फिरून माईकमध्ये घुसतो आणि परत स्पीकरमधून मोठा होऊन येतो, म्हणून. शाळेत स्पीकर हमखास स्टेजवर, पोरांच्या मागे ठेवलेले असतात. ते माईकच्या पुढे आणा, प्रेक्षकांच्या बाजूला, तोंड लोकांकडे. निम्मी शिट्टी तिथेच मेली. उरलेली निम्मी, मागून कोणी गुरुजी 'आवाज वाढव रे' ओरडला की साऊंडवाला वाढवतो म्हणून. त्या गुरुजींना चहाला पाठवा.

हातात कॉर्डलेस देऊ नका. एकाने बोलायचं आणि दुसऱ्याकडे द्यायचा, की नाटक संपलं आणि निवेदन सुरू झालं. कॉलर माईक अडतीस मिळणार नाहीत, मिळाले तरी पोरांच्या कपड्यावर घासून खरखर करतात. स्टेजच्या पुढच्या कडेला फूट माईक, म्हणजे पायाशी ठेवायचे माईक, तीन घ्या, बुटक्या स्टँडवर, खाली जाड फोम. फोम नसला तर पोरांच्या पायांचा धबधब आवाज संवादापेक्षा मोठा येतो. मंडपवाल्यांच्या फळ्या ढोलासारख्या वाजतात. त्यावर ताडपत्री आणि वर सतरंजी खिळे मारून पक्की करा. पखवाजाला वेगळा माईक लावायचा नाही. तो तसाच गावभर ऐकू जातो.

माईकपासून पोर हात-दोन हातांवर असलं तरच उपयोग. महत्त्वाची वाक्यं पुढे येऊन म्हणायची असं बसवून घ्या. मागच्या पोरांचं कोरसमध्ये ऐकू येतंच.

लाईट. हजार वॉटचे चार हॅलोजन लावले की चार किलोवॅट, म्हणजे सतरा-अठरा अँपिअर. शाळेच्या जुन्या मीटरवर त्यात माईक, पंखे, पाण्याची मोटर, कटआऊट उडणारच. आता एलईडीचे 'पार' लाईट सगळ्यांकडे असतात, भार खूप कमी. साधा उबदार पांढरा घ्या. लाल-निळं-हिरवं फिरवणाऱ्याला आधीच तंबी द्या, तो कंट्रोलर हातात आला की त्याला आवरवत नाही.

परीक्षक_बाई

मूळची वेंगुर्ल्याची, आता पुण्यात शाळेत आहे. आंतरशालेय स्पर्धांना परीक्षक म्हणून अधूनमधून जाते.

मास्तरांचं बरंचसं पटलं, एका ठिकाणी अडलं. सगळं नाटक मालवणीत केलं तर गावात धमाल उडेल, पण याच पोरांना उद्या मुलाखतीत, कॉलेजात, बँकेत प्रमाण मराठी बोलताना पाय लटपटू नयेत यासाठीही नाटकाचा उपयोग करून घ्यायला हवा. ती संधी शाळेत दुसरीकडे कुठे मिळते? भाषणस्पर्धेत पोपटपंची होते. म्हणून पात्राप्रमाणे भाषा वाटा. वनखात्याचा साहेब, टीव्हीची बातमीदार, डॉक्टर ही मंडळी प्रमाण बोलतील. तीही पोरांनी करायची, आणि त्यातला साहेबीपणा पकडायचा. पोरांना तो फार अचूक सापडतो.

दुसरं, पोरांनी बोलून बोलून तयार झालेलं नाटक पसरतं. प्रत्येकाचं वाक्य राहिलं पाहिजे म्हणून बाई काही कापत नाहीत आणि पंचवीसची चाळीस मिनिटं होतात. मी पाहिलेल्या शालेय नाटकांपैकी अर्धी याच दुखण्याने गेली. वही पक्की झाली की घड्याळ लावून वाचा. वाचनाला अठरा मिनिटं लागली तर हालचाली, हशे, गाणं धरून पंचवीस होतील. वाचनच पंचवीसचं असेल तर एक आख्खा प्रवेश काढा. चार-चार वाक्यं इकडून तिकडून काढून काही होत नाही.

पेन्शनीतले_मास्तर

@परीक्षक_बाई, भाषा वाटायचं मान्य. आमचा फॉरेस्टर प्रमाणच बोलायचा. फक्त मालवणी बोलणारा तेवढा विनोदी आणि प्रमाण बोलणारा शहाणा, अशी वाटणी होऊ देऊ नका. ते नकळत होतं. आमच्या माकडांच्या वकिलीणबाई शेवटपर्यंत मालवणीत बोलल्या आणि खटला त्याच जिंकल्या.

कापाकापीबद्दल एकशे एक टक्के.

काजूबी

सगळ्यांचे मनापासून आभार. तुमचं वाचून काल बाकडं मांडून बघितलं. विषय मी दिला नाही, त्यांनाच विचारला. माकडं निघाली, बिबट्या निघाला, आणि मग माणगाव खोऱ्यातल्या एका मुलीने हत्ती काढला आणि वर्ग पेटला. २०१५ मध्ये तिकडे हत्ती पकडण्याची मोहीम झाली तेव्हा ही पोरं जेमतेम तीन-चार वर्षांची. पण घरोघरी त्या गोष्टी आहेत. रात्री डबे वाजवायचे, मशाली करायच्या, आजी देवापुढे बसून राहायची. एकाच्या काकाची केळीची बाग एका रात्रीत गेली. एकाच्या आजोबांनी मोडलेल्या माडांना हात लावू दिला नाही, पंचनामा होईपर्यंत ते तसेच पडून. पोरं हे सांगत होती आणि मी नुसती ऐकत होते. आमची अक्षरवाली मुलगी लिहून लिहून हात झटकत होती. दोडामार्गच्या बाजूला हत्ती अजून आहेतच, त्यामुळे विषय शिळा नाही.

अडचणी दोन. मुख्याध्यापक म्हणाले, छान आहे, पण शेवटी 'वन्यजीव वाचवा' असा संदेश घ्या, पाहुणे वनखात्याचे आहेत. आणि पोरांना हवा हत्ती. सहा जणांनी मिळून राखाडी चादरीखाली हत्ती केला. सोंड केली टायरच्या ट्यूबची. मागच्या पायांचं पुढच्या पायांशी पटेना आणि हत्ती मध्यावर तुटला. हसून हसून पुरेवाट. पण त्या प्रवेशात हसू यायला नको आहे.

शिवाय एक. पोरांना शेवटी सिनेमातलं एक गाणं हवंय, आणि पुढच्या वर्षी हेच नाटक स्पर्धेत न्यावं असं संस्थेच्या लोकांचं म्हणणं. मूळ नाटक आपलं असलं तरी परवानग्या लागतात का?

पेन्शनीतले_मास्तर

हत्ती दाखवूच नका. माड दाखवा.

वीस पोरं माड म्हणून उभी करा, हात वर, अंधुक उजेड. पखवाजवाल्याला फक्त धुमावर हात ठेवायला सांगा, खालचा घुमणारा आवाज, सावकाश. बाजूच्या घरात म्हातारी कान देऊन बसलीय. मग एक माड पडतो. उडी मारून नाही, मुळातून कलंडत, शेजारच्या माडावर रेलत. मग दुसरा. लोक हत्ती स्वतः बघतील, आणि तो तुमच्या चादरीतल्या हत्तीपेक्षा मोठा असेल. टवाळराव, बघा, तुमची झाडं लागली कामाला. पडायचा सराव मात्र गवतावर आधी करून घ्या. गुडघा, मग मांडी, मग खांदा. तळहात टेकून पडलं की मनगट जातं.

संदेशाचं म्हणाल तर मुख्याध्यापकांना 'हो' म्हणा आणि वाक्य सूत्रसंचालनात घाला. नाटकाच्या आधी निवेदिका म्हणेल, 'सादर आहे वन्यजीव आणि माणूस यांच्यावरचं नाटक', वनखात्याचे साहेब खूश. नाटकाच्या शेवटी पोरांना ओळीत उभं करून घोषणा द्यायला लावू नका. ज्या पोराच्या काकाची बाग गेली त्याने 'हत्ती वाचवा' असं ओरडायचं? त्याला काय वाटतं ते विचारलंत का? माझ्या मते शेवट त्याच्यावर सोडा.

कायद्याचं_बोलू

परवानग्यांबद्दल. व्यवसायाने वकील, हौसेने नाटकवाला.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम ५२ शाळांना सूट देतं. शाळेच्या उपक्रमात शिक्षक-विद्यार्थ्यांनी नाटक केलं आणि समोर शाळेचेच लोक, विद्यार्थ्यांचे पालक आणि संस्थेशी संबंधित मंडळी असली, तर दुसऱ्याचं नाटक केल्यानेही हक्कभंग होत नाही. म्हणजे समोर एवढेच लोक असतील तर गॅदरिंगपुरतं निर्धास्त राहा. पण तिकीट लावलं, स्पर्धेत नेलं किंवा यूट्यूबवर चढवलं की या सुटीचा आधार राहत नाही. तेव्हा लेखकाची किंवा वारसांची लेखी परवानगी घ्या. सिनेमातल्या गाण्याचंही तेच. व्हिडिओ टाकलात की गाण्यावर दावा येऊ शकतो आणि आवाज बंदही होऊ शकतो. पोरांनाच गाणं रचू द्या, पेटीवाला चाल लावेल.

तुमचं नाटक पोरांनी रचलेलं, त्यामुळे बाहेरच्या लेखकाच्या परवानगीचा प्रश्न नाही. पण वहीवर सगळ्यांची नावं लिहून तारीख टाका. स्पर्धेच्या अर्जात लेखक म्हणून एकट्या बाईंचं किंवा संस्थेच्या अध्यक्षांचं नाव गेलं, तर पोरं आयुष्यभर लक्षात ठेवतात. शासनाच्या बालनाट्य स्पर्धेत उतरायचं असेल तर संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून मंजूर करून घ्यावी लागते. त्याला वेळ लागतो, म्हणून संहिता उन्हाळ्याच्या सुट्टीतच पाठवा.

जाता जाता, दुसऱ्या शाळांतलं कोणी हे वाचत असेल तर त्यांच्यासाठी. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क टिकतो. नाटककार राम गणेश गडकरी १९१९ ला गेले, नाट्यछटाकार दिवाकर १९३१ ला. दोघांचं सगळं लेखन आता मोकळं आहे. नवख्या पोराला एकट्याने उभं राहायला शिकवायचं असेल तर दिवाकरांच्या नाट्यछटेसारखं दुसरं काही नाही. एकच माणूस बोलतो, समोरचा काय बोलला ते आपण त्याच्या उत्तरावरून ओळखायचं. दिवाकर स्वतः शाळामास्तर होते. अत्र्यांचं मात्र २०२९ संपेपर्यंत विचारूनच घ्या.

टवाळ_टाळकरी

माझ्या झाडांची चेष्टा केलेले सगळे कुठे गेले? मानधन पाठवा.

काजूबी

काल माड पाडून बघितले. मैदानात गवत होतं, मास्तरांनी सांगितल्यासारखं गुडघा-मांडी-खांदा घोटून घेतलं. पखवाज अजून मिळालेला नाही, म्हणून एकाने रिकाम्या पिंपावर हात ठेवला. नववीतला सगळ्यात उंच पोरगा शेवटचा माड. तो पडायलाच तयार नाही. म्हणतो, 'बाई, एक माड रवाक व्हयो. आमचो एक रवलो हा.' त्यांच्या बागेतला एक खरंच उभा राहिला होता म्हणे. ठेवलाय तसाच.

ज्याच्या काकाची बाग गेली तो पोरगा शेवटी काय बोलणार, हे त्याने अजून सांगितलेलं नाही. रविवारी काकाला विचारून येतो म्हणाला. वहीत ते पान कोरं सोडलंय.

मुख्याध्यापकांना दहाचा कायदा सांगितला. नाटक तिसऱ्या नंबरवर आलं, अहवालवाचन आणि पाहुण्यांच्या भाषणानंतर. दुसरा नंबर नाही मिळाला. भाषण लांबलं तर काय करायचं ते कोणी सांगेल का?

भोंगेवाला

पाहुण्यांचा माईक माझ्याकडे असेल तर मी बघतो. बाई, तारीख लवकर कळवा. नाताळच्या आधीचा आठवडा जवळजवळ भरलाय, आणि फूट माईकचे तीन स्टँड मला एका नाट्यमंडळाकडून मागून आणावे लागतील.